सातव्या खांबाचा गेरू

आमच्या लखमीदास चाळीतल्या कुणालाही विचारा, सीताराम राऊळ कोण, तर उत्तर एकच येईल : "ज्याने आमची घरं घालवली तो." सांगणारा वर एखादी शिवीही हासडेल. चाळ आता राहिलेली नाही. करी रोडच्या पुलावरून खाली पाहिलं तर निळ्या पत्र्याचं कुंपण दिसतं आणि आत गवत माजलेलं दिसतं. माणसं मानखुर्दच्या संक्रमण शिबिरात जाऊन पडली आहेत, त्यांत मीही आहे. टॉवर कधी उठणार, हे विचारायचं आता आम्ही सोडून दिलं आहे.

मी पद्मजा वायंगणकर. महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं मास्तरकी केली, म्हणून सगळ्या चाळीची मी 'बाई'. लग्न केलं नाही, त्यामुळे दुसऱ्यांच्या भानगडींत लक्ष घालायला मला भरपूर वेळ मिळाला, असं लोक म्हणतात. खरं आहे ते. दुसऱ्या मजल्यावर माझी खोली एकोणीस नंबरची आणि राऊळभाऊंची एकवीस नंबरची. चाळीस वर्षं मी त्यांना जवळून पाहिलं आणि आता त्यांच्याबद्दल चार खरे शब्द लिहिणारं दुसरं कुणी नाही, म्हणून लिहायला बसले आहे. माझी यात काय बाजू होती तेही लिहीन. ती काही फारशी चांगली नाही.

राऊळभाऊ कुडाळकडचे. सतराव्या वर्षी गिरणीत लागले ते साचेखात्यात फिटर म्हणून. साचेखातं म्हणजे जिथे माग चालतात ते खातं. शेकडो माग एकदम धडधडत असायचे, तिथे तोंडाने बोलून उपयोग नसायचा. कामगार एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायचे. राऊळभाऊंना ती सवय जन्मभर राहिली. तुम्ही बोलत असलात की ते तुमच्या डोळ्यांकडे बघायचे नाहीत, तोंडाकडे बघायचे. नव्या माणसाला ते विचित्र वाटायचं.

फिटर म्हणून त्यांचं नाव झालं ते हातोडीमुळे. बिडाच्या भागाला, दांड्याला, चाकाला ते लहानशा हातोडीने ठोकायचे आणि कान लावायचे. माल धड असेल तर टण्ण आवाज निघतो, आत भेग असेल तर बद्द निघतो. न खोलता, न कापता, न तोडता ते आतलं दुखणं सांगायचे. मोठे साहेब लोकही नवीन माल आला की "राऊळला बोलवा" म्हणायचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांना कॉटन ग्रीनच्या एका गोदामात नोकरी मिळाली. नोकरी बदलली, पण हातोडी बरोबर राहिली.

चाळीत या हातोडीचा एक रिवाजच पडून गेला होता. पुष्कळ वर्षांपूर्वी गणपतीच्या आरतीच्या वेळी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतली फळी मोडली आणि एका बाईचा पाय मांडीपर्यंत आत गेला. आमचा गणपती खाली चौकात बसायचा आणि शेवटच्या दिवशी तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या माणसांनी भरायच्या. पाहुणे, लेकी, जावई, सगळे. त्या अपघातानंतर म्हाताऱ्यांनी राऊळभाऊंना गळ घातली की सणाआधी तुम्ही खांब बघत जा. तेव्हापासून नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी भाऊ आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून निघायचे. मागे त्यांची बायको रखमाकाकी गेरूची वाटी घेऊन असायची. गॅलरीला मजल्यामागे आठ खांब, सागवानी, ब्रिटिशांच्या वेळचे. प्रत्येक खांबावर तीन ठोके : पायाशी, कमरेशी, डोक्याशी. डावा हात खांबावर सपाट ठेवलेला. मग मान हलवायची आणि खांबाच्या पायाशी गेरूचा गोल काढायचा. चोविसाव्या खांबावर गोल पडला की नारळ फुटायचा आणि तेव्हाच मांडवाचा पहिला बांबू आत यायचा. गोल पडला नाही तर गणपती नाही, इतकी ती गोष्ट पक्की होती. सरकारी इंजिनियरच्या कागदावर आमचा जितका विश्वास नव्हता तितका त्या गोलावर होता.

आता माझी बाजू सांगते. सहा-सात वर्षांपूर्वी, रखमाकाकी गावी गेलेली असताना, मी भाऊंकडे कोथिंबीर द्यायला गेले. भाऊ शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसले होते आणि कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होता. डाळ करपल्याचा वास भरून राहिला होता. मी आत जाऊन गॅस बंद केला तेव्हा ते दचकले. "किती शिट्ट्या झाल्या?" मी विचारलं. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि म्हणाले, "एकच झाली असंल."

मला तिथेच कळलं. मागांच्या आवाजाने कान असे जातात की बोलणं थोडंफार ऐकू येतं, पण शिट्टी, घंटा, टण्ण असा बारीक चढा आवाज येत नाही. शाळेत माझ्याबरोबर एक गृहस्थ होते, त्यांचे वडील असेच झाले होते. म्हणजे राऊळभाऊंना खांबाचं टण्ण ऐकूच येत नव्हतं. तरी ते दर वर्षी गोल काढत होते.

मी बोलले नाही. एरवी कुणाच्या घरात मीठ जास्त पडलं तरी बोलणारी मी, या बाबतीत तोंड शिवून बसले. कारण साधं होतं. एका खांबावर गोल पडला नाही की चर्चा होणार, चर्चा झाली की इंजिनियर येणार, आणि इंजिनियर आला की चाळ खाली करा म्हणणार. आजूबाजूच्या दोन चाळी तशाच गेल्या होत्या. त्यातली माणसं अजून परत आली नव्हती. मी एकटी बाई. माझी शाळा, माझा डॉक्टर, माझी भाजीवाली, सगळं लालबाग-परळात. मला तो गोल हवा होता. सगळ्यांनाच हवा होता.

रखमाकाकी करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. त्यानंतर भाऊ गेरूची वाटी स्वतःच डाव्या हातात धरायला लागले. मग तो हात खांबावर ठेवून ठोक्याचा हादरा चाचपायलाही मोकळा राहीना.

भाऊंचा मुलगा हितेंद्र बदलापूरला राहतो. त्याची मुलगी श्रेया इंजिनियरिंगला होती आणि कॉलेज जवळ पडावं म्हणून आजोबांकडे राहायची. उंच, हडकुळी, बोलताना भराभर बोलणारी. शेवटच्या वर्षाचा तिचा प्रोजेक्ट म्हणजे एक चकती. आकाराने दहा रुपयांच्या नाण्याएवढी, पातळ, खांबाला चिकटवायची. दोन हजार तेवीसच्या जूनमध्ये तिने अशा चकत्या आमच्या गॅलरीतल्या खांबांना लावल्या, प्रत्येक मजल्यावर चार-चार.

"याला सेल कुठे घालायचा?" मी विचारलं.

"सेल नाहीये, बाई. तेच तर आहे ना! वायर नाही, सेल नाही, काही नाही," ती म्हणाली. "आपण गॅलरीतून चालतो ना, फळ्या हादरतात. त्या हादऱ्यावर हे वीज बनवतं, स्वतःपुरती. आणि मग ऐकत बसतं. लाकडाच्या आत एकेक तंतू तुटतो तेव्हा बारीक आवाज होतो, आपल्या कानाला येत नाही तो. हे ऐकतं आणि मोजतं."

"म्हणजे खांबाला भोक न पाडता?"

"काहीच न पाडता. आजोबा हातोडीने करतात तेच. फक्त हे रोज करतं."

भाऊ दारात बसून हे सगळं बघत होते, म्हणजे तिच्या ओठांवरून वाचत होते. "आपल्या पावलांवर जगता म्हण," ते म्हणाले आणि हसले. त्यांना त्या चकतीचं फार कौतुक वाटलं. पुढे आठवडाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवत होते.

चकत्यांचे आकडे मंडळाच्या ऑफिसात एका डब्यावर दिसायचे. मंडळाचा सेक्रेटरी विकास, तिसऱ्या मजल्यावरचा, तो रोज सकाळी फोटो काढून चाळीच्या ग्रुपवर टाकायचा. सगळ्या खांबांचे आकडे चार, सहा, फार तर दहा. फक्त दुसऱ्या मजल्याच्या सातव्या खांबाचा आकडा एकशे ऐंशी. सातवा म्हणजे संडासाकडच्या टोकाचा, ज्याच्या मुळाशी सामाईक नळाचं पाणी वर्षानुवर्षं झिरपत होतं.

श्रेयाने सरळ सांगितलं की हा खांब आतून जातोय, इंजिनियर बोलवा. ऑफिसात बैठक झाली. विकास म्हणाला, "कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, यार. त्याच्यावर चाळ खाली करायची का? राऊळकाकांना विचारा." काकांनी हातोडी आणली, सातव्यावर तीन ठोके मारले आणि म्हणाले, "बरो आसा." श्रेया आजोबांकडे बघत राहिली. मी जिन्याकडे बघत होते.

तरी मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मग आमच्या माणसांनी जे केलं ते त्यांनाच सुचू शकतं. कुणी ठराव केला नाही, कुणी कुणाला सांगितलं नाही, पण सगळ्यांनी सातव्या खांबाला जपायला सुरुवात केली. त्याच्याजवळचे पाण्याचे पिंप हलवले. गॅलरीच्या त्या टोकाला दोरी बांधून तिच्यावर चादरी वाळत टाकल्या, म्हणजे कुणी जाऊ नये. दुसऱ्या मजल्यावरची माणसं पहिल्या मजल्यावरच्या संडासात जाऊ लागली. घरातल्या आजारी माणसाची झोपमोड होऊ नये म्हणून वावरतात तसं ते वावरणं होतं. मीही बादली घेऊन एक जिना उतरत होते, गुडघे दुखत असताना.

आणि आकडा उतरायला लागला. एकशे ऐंशीचे नव्वद झाले, मग चाळीस, मग सात, मग शून्य. विकासने ग्रुपवर टाकलं, "सातवा एकदम नॉर्मल. बाप्पाची कृपा." खाली पंचवीस-तीस नमस्कार आले. एका बाईने सातव्या खांबाला हळदकुंकू वाहिलं. श्रेयाला तोवर चेन्नईला नोकरी लागली होती आणि ती निघून गेली होती. तिला फोन करून आकडा शून्य झाल्याचं सांगावं असं माझ्या मनात आलं होतं. भाऊंना फोनवर ऐकू येत नाही, तेव्हा ते मलाच करावं लागलं असतं. मी उद्यावर टाकलं आणि मग ते राहूनच गेलं. खरं तर ती काय म्हणेल याची मला धास्ती होती.

तीन सप्टेंबरला रविवारी भाऊंनी खांब ठोकले. सातव्यापाशी जाताना विकासने चादर बाजूला धरली. तीन ठोके, मान हलली, गोल पडला. गर्दीतून कुणीतरी "मोरया" म्हणालं. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं होतं.

गणपतीला पाच दिवस राहिले असतील. दुपारी तीनची वेळ, चाळ पेंगलेली. मला गॅलरीत धप धप आवाज आला. बाहेर येऊन बघते तर दोरी सोडून चादरी कठड्यावर टाकलेल्या आणि राऊळभाऊ त्या बंद टोकाला येरझारा घालत होते. साधे चालत नव्हते, पाय आपटत चालत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, एक हात भिंतीला, घामाने सदरा भिजलेला. मला वाटलं, डोकं फिरलं यांचं.

मी पुढे होऊन त्यांच्या समोर उभी राहिले. त्यांना माझा चेहरा दिसायला हवा होता. "भाऊ, काय करताय हे?"

"जाळां होतां, बाई," ते म्हणाले. खांब आणि कठड्याच्या मध्ये कोळ्याचं जाळं होतं, माणसाच्या छातीएवढं, अख्खं. चादर सारून ते नळाकडे जायला निघाले तेव्हा ते तोंडाला लागलं होतं. इतके दिवस तिथून एक माणूस गेला नव्हता. "तो गप झालो नाय. ती चकती उपाशी आसा. पोरीन सांगितल्यान होतां, पावलांवर जगता म्हणून. आमी पावलांच बंद केली."

मी जाळ्याचं राहिलेलं टोक कठड्यावरून काढलं.

"गिरण बंद असताना खंयचो बेअरिंग ओरडता?" असं म्हणून ते पुन्हा चालायला लागले. मी त्यांना थांबवलं नाही आणि त्यांच्याबरोबर चाललेही नाही. कठड्याला टेकून मी त्यांच्या फेऱ्या मोजत राहिले. पंचेचाळीस झाल्यावर ते जिन्यात बसले.

आम्ही दोघं खाली ऑफिसात गेलो. डब्यावर बाकीच्या खांबांचे पाच, आठ, तीन असे आकडे. सातव्यासमोर दोनशे बारा. मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. भाऊंनी मला मोठ्याने वाचायला लावलं आणि माझ्या ओठांवर तो आकडा नीट पाहिला.

मग ते वर गेले, फडकं ओलं केलं आणि सातव्या खांबावरचा गोल पुसायला लागले. गेरू सागवानात मुरलेला, तो काही पूर्ण गेला नाही. तांबडा डाग पसरला तेवढाच.

संध्याकाळी ऑफिसात माणसं दाटीने बसली. विकासने आवाज चढवला की मूर्ती ठरली, मांडव आला, पाहुण्यांना निरोप गेले आणि काका आता गोल पुसतात म्हणजे काय. "तुम्हीच ठोकून पास केला ना? तुमच्या कानांनी ऐकलंत ना?"

भाऊ उठून उभे राहिले. त्यांनी हातोडी टेबलावर ठेवली.

"माका ऐकाक येना नाय," ते म्हणाले. "धा वर्षां झाली. माका सगळेच खांब बद्द ऐकाक येतत. सगळ्यांका नापास कसो करू? म्हणून सगळ्यांका पास करीत इलंय."

आधी कुणीतरी हसलं. मग एक बाई रडायला लागली, तिची दोन्ही मुलं दर वर्षी दुसऱ्या मजल्यावरून आरती बघायची. विकासचा चेहरा लाल झाला होता. तो म्हणाला, "मग आत्ता कशाला बोललात, काका? दहा वर्षं गप्प होतात ना? अजून दहा वर्षं गप्प बसायचं होतंत."

त्या क्षणी मला उठून सांगता आलं असतं की मलाही माहीत होतं. सगळी चाळ माझ्यासमोर लहानाची मोठी झालेली, तिने माझं ऐकलं असतं. निदान शिव्या दोघांत वाटल्या गेल्या असत्या. मी माझ्या पदराचा काठ बघत बसले. आयुष्यात मी खूप मुलांना खरं बोलायला शिकवलं, मार देऊन शिकवलं. ते सगळं मला त्या खुर्चीवर आठवत होतं आणि तरी मी उठले नाही.

त्या वर्षी गॅलऱ्या बंद ठेवल्या. आरती चौकात उभं राहून झाली, अर्धी माणसं रस्त्यावर. इंजिनियर आला. त्याने चाळीचं वय बघितलं, तुळया बघितल्या, त्या डब्याचे आकडे लिहून घेतले आणि अख्खी इमारतच धोकादायक ठरवली. दिवाळीच्या आत खोल्या खाली करा, असा कागद दारोदार चिकटला. खांब कुणी उघडून बघितला नाही. तशी गरजही नव्हती. पण त्यामुळे सातवा आतून खरंच गेला होता की नाही, हे कुणालाच कळलं नाही. आणि जे पडलं नाही ते पडणारच होतं, असं आमच्यातल्या एकालाही पटवता येत नव्हतं. लोकांच्या डोळ्यांसमोर धडधाकट उभी चाळ होती आणि ती सोडायला लावणारा एक बहिरा म्हातारा होता.

मानखुर्दला भाऊंची खोली सातव्या मजल्यावर आली. लिफ्ट चालली तर चालली. हितेंद्रने बदलापूरला चला म्हणून पुष्कळ आग्रह केला, ते गेले नाहीत. म्हणाले, चाळीतली माणसां हयसर आसत. ती माणसं त्यांना जिन्यात बघून भिंतीकडे सरकायची. विकासची आई तिथे गेल्यावर चार महिन्यांत वारली. करी रोडला असती तर डॉक्टर वेळेवर मिळाला असता, असं तो सगळ्यांना सांगायचा आणि सांगताना भाऊंच्या खिडकीकडे बघायचा. मी भाऊंकडे जायची, भाजी द्यायची, पेपर द्यायची. ते मला "येवा, बाई" म्हणायचे आणि मला त्यांच्याकडे बघवत नसे.

पुढल्या जूनमध्ये चाळ पाडायला घेतली. मी एकटीच गेले. सागवानी खांब लाकूडवाल्यासाठी एका बाजूला रचून ठेवले होते. सातवा मी डागावरून ओळखला. बाहेरून तो शेजारच्या खांबासारखाच गुळगुळीत, तेलकट, मजबूत. तिथल्या कामगाराच्या हातापाया पडून मी त्याचा पायाकडचा वीतभर तुकडा कापून मागितला. करवत दोन बोटं आत गेली आणि मग एकदम सुटल्यासारखी सरकली. आत लाकूड नव्हतंच. वाळवीने केलेली माती होती, ती भराभर खाली सांडली. बाहेर दोन बोटांची साल उभी होती आणि तिच्यावर आम्ही सगळे उभे होतो.

मला खूप आनंद झाला. तो तुकडा पिशवीत घालून मी मानखुर्दला परतताना ठरवलं होतं की आधी भाऊंना दाखवायचा आणि मग दार दार वाजवून प्रत्येकाच्या तोंडासमोर धरायचा, विकासच्या तर नाकासमोर. म्हणायचं, बघा, तुमची पोरं या माणसामुळे जिवंत आहेत. माझं पाप थोडं धुऊन निघेल, असंही मनात होतं.

भाऊ खाटेवर पडून होते. दम्याने खंगले होते. मी तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी गेरूचा डाग ओळखला, त्यावरून अंगठा फिरवला. उशाखालची हातोडी काढली आणि ठोकलं. मग माझ्या ओठांकडे बघून विचारलं, "कसो वाजता?"

"बद्द," मी म्हटलं. "अगदी बद्द, भाऊ. तुमचं खरं होतं."

मला वाटलं ते हसतील. त्यांनी तुकडा उलटा केला, पोकळीत बोट घातलं, आतल्या कडा चाचपल्या. बराच वेळ चाचपत होते.

"ह्यां लाकूड इतक्यां पोखराक किती वर्सां लागतत, बाई?"

"मला काय कळतंय त्यातलं."

"माका कळता," ते म्हणाले. "बारा. पंधरा पण."

मग त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मला जे दिवसभर सुचलं नव्हतं ते माझ्या लक्षात आलं. चाळीच्या गणपतीचं पंच्याहत्तरावं वर्ष झालं त्याला दहा वर्षं झाली होती. त्या वर्षी दुसऱ्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. श्रेया आठवीत होती, गर्दीत तिला खालचं दिसेना म्हणून हिरमुसली होती.

"मी तिका सातव्याक टेकून बसवलंय," भाऊ म्हणाले. "म्हटलंय, हयसर बस, ह्यो मी बघितलेलो आसा."

ते रडले नाहीत. त्यांनी तुकडा माझ्या पिशवीत परत घातला, पिशवीचे बंद ओढून घट्ट केले आणि माझा हात धरला.

"ह्यो कोणाक दाखवू नकात. घरां घालवली म्हणतत, म्हणांदेत. ह्यां बघितल्यार प्रत्येक आवस-बापूस आपल्या पोरांची वर्सां मोजीत बसात. तां नको."

"भाऊ, मलाही माहीत होतं," मी म्हटलं. "तुम्हाला ऐकू येत नाही हे. कुकरच्या दिवसापासून." पण तोवर त्यांनी डोळे मिटले होते, आणि डोळे मिटल्यावर त्यांना माझे शब्द कळायचा काही मार्ग नव्हता. मी ते पुन्हा बोलले नाही.

भाऊ त्या दिवाळीच्या आधी गेले. श्रेया चेन्नईहून आली, चार दिवस राहिली. मी तिला काही सांगितलं नाही. दहाव्याला चाळीतली चार माणसं आली, विकास आला नाही. मी पिशवी बरोबर घेऊन गेले होते. सगळा वेळ ती मांडीवर धरून बसले आणि न उघडता घरी घेऊन आले.